कुंकवाखालचा आकडा

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई आधी बोलली नाही. बेळगावजवळ पिरनवाडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कंप्युटर दुरुस्त करते. वीसेक वर्षं झाली. गिऱ्हाईक खोटं बोललं की माझं डोकं फिरतं. "मॅडम, काहीच केलं न्हाय, आपोआप बंद पडला," असं म्हणत जो येतो, त्यानं नक्की काहीतरी केलेलं असतं. आतून कधी साबुदाण्याची खिचडी निघते, कधी पालीची अंडी. मी दाखवते, बोलते, आणि मग दुरुस्त करून देते. बोलणं फुकट असतं, त्याचं मी वेगळं काही लावत नाही.

माझा एकच नियम आहे. आधी ओळख, मग हात. म्हणजे बोर्ड कोणता, कुणाचा, कितव्या आवृत्तीचा हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्याच्या बायोसला हात लावायचा नाही. बायोस म्हणजे कंप्युटरची पहिली जाग हो. माणूस उठल्या उठल्या आपण कुठं आहोत, चष्मा कुठं ठेवला, दार कुठल्या बाजूला हे बघतो ना, तसं बटण दाबल्याबरोबर कंप्युटर एका इवल्याशा चिपमधलं वाचतो, की माझ्याकडं मेमरी किती, डिस्क कुठं जोडलीय, पडदा कुठला. ती चिप बिघडली की पुढचं सगळं अडतं. आणि तीत दुसऱ्या बोर्डाचं काही लिहिलं, तर तो सकाळी उठून शेजाऱ्याच्या घरात चष्मा शोधल्यासारखा होतो.

एकदा शेजारच्या मच्छे गावातल्या एका वर्कशॉपवाल्यानं खोक्यावरचं नाव वाचून स्वतःच बायोस भरला होता. खोकं एका बोर्डाचं, आत बोर्ड दुसराच. त्याला मी त्याच्या सगळ्या कामगारांसमोर अर्धा तास झापलं. "नाव खोक्यावर नसतं, बोर्डावर असतं! लग्नपत्रिका वाचून मुलगी बघितली म्हणायचं का?" बिचारा मान खाली घालून चहा पाजत होता. हे सांगायचं कारण असं, की लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण माझ्यावर उलटायची होती, आणि तीसुद्धा माझ्या नणंदेच्या घरात.

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. ती निपाणीत एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या पडवीत तिचं कंप्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे, चार हेडचं, म्हणजे एका वेळी चार ब्लाउजांवर तोच मोर नाचतो. हे मशीन तिच्या नवऱ्यानं घेतलं, पण चालवायला शिकली ती. आज निपाणीत लग्नाचं ब्लाउज म्हटलं की बायका आक्काचंच नाव घेतात. दंडावरची कोयरी असो नाहीतर पाठीवरची पालखी, धागा कधी सुटायचा नाही.

त्या मशीनला नक्षी सांगणारा कंप्युटर मात्र म्हातारा. जाड पांढरट डबा, मागं प्रिंटरची रुंद जुनी खोबण, आणि त्या खोबणीत बसवलेलं सॉफ्टवेअरचं लॉक. हे बोटभर लॉक लावल्याशिवाय नक्षीचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. नव्या कंप्युटरांना ती खोबणच नसते. सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं धंदा कधीच गुंडाळला. म्हणजे हा डबा गेला तर मशीन गेलं, आणि मशीन गेलं तर आक्काचं स्वतःच्या पायावर उभं राहणं गेलं. इतकं सरळ.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"अगं, तो उठंना झालाय."

"एफ-वन दाबा की आक्का." बोर्डावरचा सेल संपल्यामुळं रोज सकाळी तिला ते बटण दाबावं लागायचं. दर दिवाळीला मी म्हणायची, पुढच्या खेपेला सेल बदलते. बदलला कधीच नाही. चांभाराच्या पायात वहाण नसते म्हणतात ते असं.

"दाबलं. दोनदा दाबलं. लाईटनं झटका मारला काल, तवापासनं काळ्या पडद्यावर पांढरं कायतरी लिवतोय आन फ्लॉपी मागतोय."

तिनं फोटो पाठवला. बायोसची बेरीज जुळत नाही, फ्लॉपी घाला, असं इंग्रजीत लिहिलं होतं. हा सेल नव्हता, ती पहिली जाग आणणारी चिपच बिघडली होती.

नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, अक्षरशः उजळला! माणूस वाईट नाही हो, उलट फार चांगला आहे. बहीण एकटी राहते याचं त्याला वर्षानुवर्षं लागून राहिलंय. म्हणाला, "आता पुरे झालं. किती दिवस डोळं फोडणार ती? चालू झालं न्हाय तर मी उद्याच टेम्पो घेऊन येतो. मशीन भंगारात, आक्का घरात."

"आणि आक्का काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? ती न्हायच म्हणणार. म्हणून तर म्हणतो, आता निमित्त मिळालंय."

इथं मला माझंही मन उघडं करायला हवं. आक्का आमच्याकडं कायमची राहायला येणार या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा आला. मला तिच्याबद्दल प्रेम आहे, आदरही आहे, पण पंचाहत्तर किलोमीटरवरून. मागं मला टायफॉईड झाला तेव्हा ती पंधरा दिवस आली होती. रात्रंदिवस माझं केलं, पेज भरवली, पाय चेपले. आणि पंधराव्या दिवशी मी उठून पुढच्या खोलीत गेले तर काय, वीस डब्यांत मापामापानं लावलेले माझे सगळे स्क्रू तिनं एका तुपाच्या डब्यात ओतून ठेवलेले! "केवढा पसारा गं, आवरून ठिवला," म्हणाली. मी किंचाळले. ती म्हणाली, "उपकाराची फेड अशी व्हय?" आमचं जे जुंपलं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. दोन तिखट मिरच्या एका फोडणीत घालू नयेत.

म्हणजे तो कंप्युटर चालू व्हावा हे आक्कासाठी होतं तितकंच माझ्यासाठीही होतं. पण हे कुणाला सांगता येतंय? मी सगळं सामान पिशवीत भरलं. लॅपटॉप, चिप बाहेर काढायचा चिमटा, चिपवर लिहायचं छोटं यंत्र ज्याला आम्ही प्रोग्रॅमर म्हणतो, स्पिरिटची बाटली, नवा सेल. फोटोत पडद्याच्या तळाशी बोर्डाचं नाव अर्धवट दिसत होतं. त्या नावाचा बोर्ड दोन आवृत्त्यांत निघाला होता, पहिली आणि दुसरी. कंपनीनं त्याचं नावही आता काढून टाकलंय, पण जुन्या फायली जपून ठेवणारी भली माणसं जगात आहेत. त्यांच्याकडून दोन्ही आवृत्त्यांच्या फायली घेतल्या आणि निपाणीची बस धरली.

आक्का दारातच उभी होती. "आलीस न्हवं? बस, आधी खाऊन घे." थालीपीठ, लोणी, वर मिरचीचा खर्डा. तिच्या घरी काम आधी आणि पोट नंतर असं कधी चालत नाही. खाताना मी पडवीकडं बघत होते. मशीनच्या चार सुया चार अर्धवट मोरांवर थांबल्या होत्या. एकाचाही पिसारा झाला नव्हता.

खाल्ल्यावर डबा उघडला, आणि माझा माझ्यावर ताबा राहिला नाही.

"आक्का! हे काय केलंय?"

"काय केलंय?"

बोर्डावर हळदकुंकू होतं. बाहेरच्या डब्यावर असतं ते समजू शकते, आमच्या भागात खंडेनवमीला लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला लागतं, मीसुद्धा माझ्या स्क्रूड्रायव्हरांना लावते. पण हिनं आत, बोर्डावर लावलेलं! एक टिक्का चिपच्या लेबलावर, एक कोपऱ्यात. वर्षावर वर्षाचे थर चढून त्याची टणक लाल खपली झालेली.

"दर वर्षी झाकण काढून लावते," आक्का शांतपणे म्हणाली. "जीव आत आसतोय न्हवं? भाईर डब्याला लावून काय उपेग? थेंबभरच लावते, वायरीला लावत न्हाय."

"थेंबभर! आक्का, विजेच्या वस्तूवर ओलं कुंकू? नशीब म्हणा पेटलं नाही."

"कुंकवानं कधी पेटतंय व्हय?"

मी बॅटरी पेटवून कोपऱ्यात बघितलं. पांढऱ्या अक्षरांत 'रेव्ह', म्हणजे आवृत्ती, असं छापलेलं दिसत होतं, शेवटचं पॉइंट शून्य दिसत होतं, आणि मधला आकडा, ज्याच्यावर सगळं अवलंबून, तो बरोबर कुंकवाखाली. एक की दोन?

आता कुणीही म्हणेल, त्यात काय, पुसायचं आणि वाचायचं. स्पिरिटची बाटली माझ्या हातातच होती. पण हात पुढं जाईना. माझं माहेर गुंजी गावाच्या बाजूचं, जुन्या वळणाचं. आईनं लहानपणी बजावलेलं, देवाला लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसायचं नाही, आपोआप जाईल तेव्हा जाईल. आणि त्याहून मोठं म्हणजे समोर आक्का बसलेली. नवरा गेल्यावर पहिल्या खंडेनवमीला भावकीतल्या बायकांनी तिला म्हटलं होतं, मशीनची पूजा एखाद्या सवाष्णीकडून करून घे. तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मशीन मी चालवते, पूजा मीच करणार." आणि सगळ्यांसमोर कुंकवाचा करंडा घेऊन तिनं पूजा केली. मी तिथंच होते. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला होता. तिनं तेव्हापासून लावलेलं ते कुंकू मी तिच्या डोळ्यांदेखत खरवडून काढू?

मला ते जमलं नाही. तिला विचारायलाही जीभ रेटेना. दुसऱ्याला तोंडावर वाट्टेल ते बोलणारी मी, तिथं मात्र गप्प.

मग मी मनाशी वकिली सुरू केली. बेळगावात या नावाचे जेवढे बोर्ड आपण बघितले ते सगळे पहिल्या आवृत्तीचे होते. हा घेतलाही जुन्या काळात. म्हणजे पहिलीच असणार. आधी ओळख, मग हात म्हणणारी मी चक्क अंदाजानं चालले होते, आणि वर स्वतःला अनुभवी म्हणवून घेत होते.

बाकीचं मी नियमानं केलं. सगळ्या वायरी काढल्या, बोर्डाचा फोटो काढला, चिपच्या कापलेल्या कोपऱ्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते कागदावर मांडून ठेवलं. चिमट्यानं चिप अलगद उचलली. प्रोग्रॅमरमध्ये बसवून तिच्यात आहे ते सगळं दोनदा वाचून घेतलं, दोन्ही प्रती ताडून बघितल्या, आणि लॅपटॉपवर जपून ठेवल्या. बिघडलेलं असलं तरी जुनं आधी उतरवून घ्यायचं. मग पहिल्या आवृत्तीची फाईल लिहायला लावली.

अर्ध्यावर वीज गेली.

"आत्ता गं बया!" आक्का ओरडली आणि देवघराकडं धावली.

"आक्का, थांबा! लॅपटॉपला बॅटरी आहे. काही होत नाही."

"व्हय? मग आधी सांगायचं न्हाय का? माझं काळीज थांबलं की." ती परत येऊन बसली, पण हात जोडलेलेच. लिहून झालं, ताडून झालं, सगळं जुळतंय असं लॅपटॉपनं सांगितलं. वीज आल्यावर चिप जागेवर बसवली, सेल नवा घातला, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा. साधी टिक नाही, अक्षर नाही. सकाळी निदान फ्लॉपी तरी मागत होता, आता तेवढीही वाचा गेली. मी बंद करून परत लावलं, मेमरी काढून घातली, पडद्याची वायर बदलली. काही नाही.

तेवढ्यात कापड दुकानवाले अण्णा आले. निपाणीतलं जुनं जैन घराणं, आक्काचं अर्ध्याहून जास्त काम त्यांच्याच दुकानातून येतं. मराठी आणि कानडी एका वाक्यात बोलतात. "आय्तेन्री आक्का? झालं का काम?"

"बर्री अण्णा, बसा. हुतंय, हुतंय," आक्का म्हणाली.

अण्णांनी काळ्या पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माणूस मवाळ. म्हणाले, "सोमवारी गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला येणार. मला वाईट वाटतंय आक्का, पण उद्यापर्यंत झालं न्हाय तर मला काम इचलकरंजीला द्यावं लागंल. एकदा तिकडची सवय लागली की..." त्यांनी नुसती टोपी सारखी केली आणि निघाले.

आणि हे कमी होतं म्हणून नवऱ्याचा फोन. "झालं का गं? न्हाय झालं? बरं, मग टेम्पोवाल्याला सांगतो." आवाजातला आनंद लपता लपत नव्हता.

"अजून नाही झालं असं म्हणाले मी! सांगू नका कुणाला काही!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचं मांजर पळालं.

फोन ठेवला आणि मला रडू आलं. रागाचंच रडू, स्वतःवरच्या रागाचं. आक्का माझ्याकडं बघत होती, जरा निराळ्याच नजरेनं, काहीतरी ताडून बघितल्यासारखी. मला ती नजर सहन होईना. म्हटलं आता सांगून टाकलेलं बरं.

"आक्का, चुकलं माझं. दोन जातीचे बोर्ड असतात. तुमचा कुठला ते मी वाचलंच नाही. अंदाजानं फाईल घातली."

"का गं? तुला वाचता येतंय की."

"आकडा कुंकवाखाली आहे."

"मग?"

"मग काय... पुसवेना मला."

आक्काच्या लक्षात आलं. मला वाटलं आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. कसलं पाणी! तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढं वाकले.

"येडे! एवढी शिकलेली आन येडी ती येडीच! कुंकू कशाला लावलंय मी? मशीन चालावं म्हणून. त्येच्यामुळं मशीन बंद पडाय लागलं तर त्ये कुंकू ठिवून काय आरती करू? माझं कपाळाचं पुसताना लोकांनी मला इचारलं न्हवतं. तू निदान इचारायचं तरी!"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचं त्ये कवाच वाटून झालं. दे हिकडं."

उठली, देवघरातनं कापसाची एक वात आणली, माझ्या बाटलीतल्या स्पिरिटमध्ये बुडवली आणि हलक्या हातानं कोपऱ्यातला टिक्का भिजवायला लागली. सुईत धागा ओवणारे हात ते, मी केलं असतं त्याहून निगुतीनं करत होती. वात लाल झाली. दुसरी घेतली. तिसऱ्या वातीला खपली सुटली आणि पांढरा आकडा वर आला.

दोन.

"दोन हाय बघ. स्वच्छ दोन हाय," आक्का म्हणाली. "आता न्हाय म्हण."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण एकदा पोळल्यावर आता मला एका साक्षीदारावर भागवायचं नव्हतं. मघाशी चिपमधून उतरवून ठेवलेली जुनी प्रत मी उघडली. ती बिघडलेली होती, पण सगळीच थोडी बिघडते? निम्म्याहून जास्त कचरा, आणि मधेच वाचता येण्याजोगी एक ओळ. बोर्डाची खूण, आणि शेवटची दोन अक्षरं. माझ्याकडच्या दोन्ही फायलींतली तीच ओळ काढून बघितली. पहिल्या आवृत्तीच्या फाईलमधली शेवटची अक्षरं वेगळी, दुसरीतली तंतोतंत तीच.

म्हणजे उत्तर मघापासून माझ्याच लॅपटॉपवर पडून होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंचनामा करून ठेवला आणि वाचलाच नाही. मच्छ्याच्या वर्कशॉपवाल्याला हे कळलं असतं तर त्यानं मला बसवून माझ्याकडून चहा वसूल केला असता.

परत चिप काढली. परत तोंड कुठल्या बाजूला ते बघितलं. आक्कालाही बघायला लावलं. आता ती माझ्या शेजारीच मांडी घालून बसली होती आणि एकेक पायरी मला मोठ्यानं विचारत होती. "फाईल कुठली? दुसरी न्हवं? मोठ्यानं वाच. आकडा काय? जुळतोय? मग लाव." खरं सांगते, मला अशी मदतनीस वीस वर्षांत मिळाली नाही. गिऱ्हाईक असं विचारायला लागलं तर मी त्याला बाहेर बसवते.

लिहून झालं. ताडून झालं. चिप बसवली. वायरी जोडल्या. बटणावर बोट मी आक्कालाच ठेवायला सांगितलं, माझ्या हाताला आज यश नव्हतं.

पंखा फिरला. एक क्षण गेला, दुसरा गेला. आणि टिक्! एकच, छोटी, स्पष्ट. पडद्यावर बोर्डाचं नाव, मेमरीची मोजणी, डिस्कचं नाव.

"उठला गं! उठला!" आक्कानं टाळ्याच पिटल्या.

"अजून थांबा. लॉक बघू दे." सॉफ्टवेअर आधी म्हणालं लॉक सापडत नाही. आक्काचा चेहरा पडला. पण ते मला अपेक्षित होतं. चिप नवी लिहिल्यावर प्रिंटरच्या खोबणीची मूळ सेटिंग बदलली होती. तीन पर्याय होते, दुसऱ्याला लॉक सापडलं. नक्षी पडद्यावर उघडली. आक्कानं तारा, धागे बघितले, चारी सुया जागेवर आणल्या आणि मशीन सुरू केलं. खडखड खडखड करत चारी मोरांना एकदम पिसारा फुटायला लागला. तो आवाज एरवी मला डोकं उठवणारा वाटतो. त्या दिवशी मात्र मी नुसती ऐकत बसले.

अण्णांना निरोप गेला. नवऱ्याला मी फोन केला. "टेम्पो नको. चालू झालं."

"बरं झालं," म्हणाला. खरंच बरं झालं म्हणाला, पण उसासा मला ऐकू आलाच.

मग आक्कानं चहा टाकला. दोघी मशीनजवळच पाटावर बसलो. ती एक डोळा सुयांवर ठेवून चहा पीत होती. मधेच म्हणाली, "मघाशी पडदा पार काळा झाला न्हवं, तवा मला वाटलं, तू मुद्दाम बिघडवलंस."

"आक्का! काय बोलताय? मी कशाला बिघडवू?"

"माझा भाऊ चार म्हयनं मागं लागलाय, ये म्हणून. मला वाटलं त्येनं तुला फितवलं. मग तू त्येच्यावर फोनवर वराडलीस, तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, न्हाय, ही बदलली न्हाय."

"म्हणजे?"

तिनं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "निपाणीत दोघं हायत कंप्युटर दुरुस्त करणारी. कोल्हापूरला तर रग्गड. मी त्येंना का बोलावलं न्हाय? माझ्या भावानं त्येंना गाठून सांगितलं आसतं, हुत न्हाय म्हणून सांगा. आन दुसऱ्या कुणाला काय पडलीय? जुना डबा, टाकून द्या म्हणालं आसतं. ह्यो कंप्युटर चालावा आन आक्का निपाणीतच ऱ्हावी, आसं अगदी आतनं वाटणारं जगात एकच माणूस हाय. म्हणून तुला बोलावलं."

माझे कान तापले. इतकी वर्षं मी जे मनात लपवून ठेवलं होतं, ते हिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि हिनं त्याच्यावर भरवसा ठेवला होता.

"आक्का, तसं नाही हो..."

"तसंच हाय. आन लाजू नगंस. मलाबी तुझ्या घरात यायचं न्हाय. तुझ्या हाताखाली मी आठ दिवस काढणार न्हाय, आन तू माझ्या." ती हसायला लागली. "आपल्या दोघींचं एकमत आसलेली एवढी एकच गोष्ट हाय गं. ती तेवढी संभाळ."

मी हसायला लागले ते मला थांबवेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चहा सांडला, आक्का "अगं, ब्लाउजावर सांडतंय, ब्लाउजावर!" म्हणून ओरडत होती, आणि मी तशीच उठून तिच्या गळ्यात पडले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, नणंदेच्या गळ्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पडले.